गडचांदूरची तेल तुलना समिती

वस्तू विकत घ्यायला पैसे लागतात. तुलना करायला लागत नाहीत. त्यामुळे आपल्याकडे तुलनेचं शास्त्र खरेदीच्या फार पुढे निघून गेलेलं आहे, आणि ते असंच पुढे जात राहावं अशी कोणाही सुज्ञ नागरिकाची इच्छा असणार. साडीच्या दुकानातली सगळी कपाटं रिकामी करून, वर दुकानदाराचा चहा पिऊन, शेवटी "पाहून येतो" म्हणत बाहेर पडणारा समाज कधीच फसत नाही. (कधीकधी उघडा राहतो, पण फसत नाही.)

गडचांदूरचा प्रफुल याच परंपरेतला. सिमेंटच्या एका कारखान्यात तो वजनकाट्यावर कामाला होता. रिकामा ट्रक आणि भरलेला ट्रक यांतला फरक सांगणं हे त्याचं काम. ज्याचं पोटच फरक सांगण्यावर चालतं, त्याने घरी आल्यावर ते थांबवावं असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. बाजारात तो वांग्याशेजारी वांगं धरून उभा राही आणि भाजीवाली तोवर दुसऱ्या तीन गिऱ्हाइकांना मोकळं करी. त्याचं लग्न मात्र चटकन जमलं, कारण निवड साधनाने केली होती. त्याच्यावर सोपवलं असतं तर तो आजही कोरपना तालुक्यात गावोगाव पोहे खात फिरताना दिसला असता.

साधना अंगणवाडी सेविका. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका खेड्यात ती पंधरा वर्षं लोकांच्या पोरांना खिचडी वाढत होती, त्यांची वजनं करत होती आणि आपल्याहून लहान वयाच्या मॅडमांकडून बोलणी खात होती. या मॅडमांना मुख्यसेविका म्हणतात. त्या पदासाठी सेविकांची एक परीक्षा निघाली होती, चंद्रपूरला, पोळा झाल्यावर. वयाच्या अटीमुळे साधनाची ही शेवटची संधी होती. स्वयंपाकघरात ओट्याच्या कडेला पुस्तक टेकवून ती पोळ्या लाटता लाटता पाठ करी. तिला ही परीक्षा जीव तोडून हवी होती, आणि तसं ती स्पष्ट बोलूनही दाखवी.

घरात एक मोटारसायकल होती. काळी, सव्वाशे सीसीची. दर रविवारी प्रफुल तिला शाम्पूने धुई. (स्वतः तो साबण वापरत असे.) चैत्रात एकदा तिच्यावरून उतरताना साधना म्हणाली, "अजी, गाडी टकटक करून राह्यली. तेल बदलून घ्या नं."

एवढंच वाक्य. पण थोर संस्थांचा उगम असाच कुठेतरी घरगुती बोलण्यात असतो.

प्रफुल त्याच संध्याकाळी दुकानात गेला, हे त्याच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. फळीवर तेलाचे डबे होते. लाल डब्यात साधं, जुन्या पद्धतीचं तेल. सोनेरी डब्यात पूर्ण सिंथेटिक, म्हणजे जमिनीतून निघालं तसं न वापरता कारखान्यात नव्याने घडवलेलं. आणि चंदेरी डब्यात अर्धं हे, अर्धं ते. सोनेरीची किंमत लालच्या दुप्पट. दुकानदाराने विचारलं, "कोन्तं देऊ?"

हा प्रश्न प्रफुलला इतक्या थेटपणे आयुष्यात कोणी विचारला नव्हता. त्याने तिन्ही डबे आळीपाळीने हातात धरून पाहिले. तो म्हणाला, "पाहून येतो."

आठवडाभरात समिती स्थापन झाली. अध्यक्ष प्रफुल. तांत्रिक सदस्य सुनिल, ज्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं आणि दिल्लीकडचा कोणी इसम कढईत इंजिनचं तेल तळतो असे व्हिडिओ त्याने खूप पाहिले होते. तिसरे सदस्य श्रीहरी, निवृत्त ग्रामसेवक. त्यांच्याकडे कोणतंही वाहन नव्हतं, आयुष्यात कधी नव्हतं, आणि त्यामुळेच त्यांची निवड एकमताने झाली. तेलाच्या बाबतीत ज्याचा काडीचाही स्वार्थ नाही असा तेवढा एकच माणूस उपलब्ध होता. ठरावात आलं नाही ते घडलंच नाही, अशी श्रीहरींची निष्ठा होती. त्यांनी पहिल्याच बैठकीत ठराव मांडला की समितीचा निष्कर्ष येईपर्यंत गाडीत कोणतंही तेल घालू नये.

"कारण," ते म्हणाले, "जुन्या तेलात नवं मिसळलं का निष्कर्ष बिघडला. जुनं तेल म्हंजे आपली आधाररेषा हाय. तिले हात लावाचा नाई."

प्रफुलला हे इतकं पटलं की त्याने त्या दिवसापासून तेल मोजायची कांडीसुद्धा बाहेर काढली नाही. उगाच थेंबभर आधाररेषा कांडीला लागून वाया जायची.

प्रयोगशाळेचं साहित्य (वाट्या तीन, कढई एक, फ्रीजचा बर्फाचा कप्पा) साधनाच्या स्वयंपाकघरातून मिळाल्यामुळे शासनावर कोणताही बोजा पडला नाही. नमुने गावातल्या मेकॅनिकने दिले, रिकाम्या डब्यांच्या तळाशी उरलेले, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांत भरून.

सर्वप्रथम खर्चाचा मुद्दा घेण्यात आला. सोनेरी तेल लालच्या दुप्पट महाग, पण ते दुप्पट अंतर चालतं असं दुकानदार सांगत होता. म्हणजे हिशेब सारखाच. हा निष्कर्ष दहा मिनिटांत निघाला आणि बैठकीत चिंतेचं वातावरण पसरलं. दोन्ही सारखीच असतील तर समिती बरखास्त करावी लागते. प्रसंग बाका होता. पण श्रीहरींनी चाळीस वर्षं ग्रामपंचायती पाहिल्या होत्या. ते म्हणाले की लाल तेल दोनदा बदलावं लागतं, म्हणजे मेकॅनिककडे दोनदा जावं लागतं, दोनदा थांबावं लागतं, आणि थांबलेला माणूस चहा पितो. चहा धरला की लाल तेल महाग पडतं. त्यावर सुनिलने निदर्शनास आणलं की मेकॅनिककडचा चहा फुकट असतो, सबब लाल तेलाने एक चहा फायदाच होतो. मुद्दा पुढील बैठकीवर ढकलण्यात आला आणि सर्वांना हायसं वाटलं.

मग थंडीचा प्रयोग. डब्यावर 'दहा डब्ल्यू तीस' असं लिहिलेलं असतं, त्यातला डब्ल्यू म्हणजे हिवाळा, हे सुनिलने शोधून काढलं. सोनेरी तेल उणे पंचवीस अंशांतही पातळ राहतं असा डब्याचा दावा होता. आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा सत्तेचाळीसच्या वर जातो, डांबर चपलेला चिकटतं आणि कावळे सावली सोडत नाहीत. अशा ठिकाणी उणे पंचवीसचा विचार करावा का, यावर दोन मतं पडली. अखेर दूरदृष्टीचा विजय झाला. मे महिन्याच्या भर दुपारी तिन्ही बाटल्या बर्फाच्या कप्प्यात ठेवण्यात आल्या. त्या आठवड्यात बर्फाला जो वास येत होता तो नळाच्या पाण्याचा असल्याचं समितीने साधनाला कळवलं.

धुळीचा प्रयोग सर्वांत गाजला. तिन्ही तेलं वाट्यांत ओतून गच्चीवर उघडी ठेवली. कोणतं टिकतं हे बघायचं होतं. आता गडचांदुरात गच्चीवर काहीही उघडं ठेवलं की त्यावर सिमेंटच्या करड्या धुळीचा थर येतो. वाळवणं घालणाऱ्या बाया हे जाणून असतात, पण त्यांना समितीवर घेतलेलं नव्हतं. त्यात एक वळवाची सर येऊन गेली. पुढच्या बैठकीला सुनिलने वाटी उपडी केली तर तेल खाली येईना. दगड झालं होतं. "घट्टपणा उत्तम," असा शेरा श्रीहरींनी दिला. तिन्ही वाट्यांना पहिला क्रमांक विभागून मिळाला, आणि साधनाच्या आईने लग्नात दिलेल्या सहा वाट्यांपैकी तीन कायमच्या शास्त्राच्या कामी आल्या.

यासोबत काट्यावर येणाऱ्या ट्रकचालकांची पाहणी सुरूच होती. चाळीस टक्के चालकांनी लाल सांगितलं, चाळीस टक्क्यांनी सोनेरी, आणि उरलेल्या चाळीस टक्क्यांनी "मालक जो डालता है वो" असं उत्तर दिलं. (बेरीज शंभराच्या वर जाते. समितीने मेहनतच तेवढी घेतली होती.)

या सगळ्यात गाडी रोज काट्यावर जात होती, रोज परत येत होती, आणि टकटक आता गल्लीच्या तोंडापासून ऐकू येत होती. प्रफुल आला हे शेजाऱ्यांना घड्याळाशिवाय कळू लागलं.

"अजी, मी आजवर तुमाले काही मागतलं नाई," साधना एका रात्री ताट वाढताना म्हणाली. "मले परीक्षेले वेळेवर पोचवा. गाडीत तेल टाका, बस. नाई तं सांगा, मी एसटीनं जाते."

एसटीचं नाव निघताच प्रफुल दुखावला. घरी सव्वाशे सीसीची गाडी असताना बायको एसटीने गेली तर काट्यावर तोंड कसं दाखवणार? तो म्हणाला, "थांब नं. एवढ्या दिवसाची मेहनत हाय. चुकीचं तेल टाकून देऊ काय?"

साधनाने ताट त्याच्यापुढे ठेवलं. तिने पुस्तक उघडलं, पण पान बराच वेळ उलटलं नाही. प्रफुलने ते पाहिलं आणि आपल्याला वाईट वाटतंय हेही त्याला कळलं. म्हणून त्याने दुसऱ्या दिवशी ठोस पाऊल उचललं. तो दुकानात गेला आणि लाल, चंदेरी, सोनेरी असे तीन सीलबंद डबे घेऊन आला. (तुलनेच्या इतिहासात हा एकमेव खरेदीचा प्रसंग. पण डबे वापरायचे नव्हते, अधिकृत नमुना म्हणून ठेवायचे होते, म्हणून त्याला खरेदी धरत नाहीत.) श्रीहरींनी सील तपासून समाधान व्यक्त केलं. साधनाने रीतीप्रमाणे नव्या वस्तूंना हळदकुंकू लावलं आणि डबे देवाशेजारच्या कोनाड्यात बसवले. तिला वाटलं, आता टाकतील.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलांचे खांदे त्या संध्याकाळी हळद-तुपाने चोळतात, शेकतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. शेजारच्या लटारूभाऊने बैलजोडी विकून जुनी मोटारसायकल घेतली होती, पण सण विकता येत नाही असं त्याचं म्हणणं होतं. तो गाडी अंगणात उभी करी, हॅन्डलला हळद-तूप चोळी, खाली टोपलं ठेवून जुनं तेल सोडी आणि नवं भरी. वर्षातून एकदा खांदशेकणीला, एकदा होळीला. लटारूभाऊला इंजिनातलं काही म्हणजे काही कळत नसे. तेल हे गाडीच्या गुडघ्यांसाठी असतं अशी त्याची समजूत होती. राजुऱ्याची हवा चाकात जास्त दिवस टिकते असंही तो चारचौघांत छातीठोकपणे सांगे.

"आज आवतन घे, उद्या जेवाले ये," असं त्याने गाडीच्या टाकीवर हात ठेवून म्हटलं आणि कुंपणापलीकडे पाहिलं. "बे प्रफुल, तू बी टाक नं आज. मुहूर्त हाय. तुह्या घरी तं तीन डबे पूजेले बसले हायेत."

"नाई जी लटारूभाऊ. अजून निकाल याचा हाय."

"कोनाचा निकाल?"

"तेलाचा."

लटारूभाऊने हात फडक्याला पुसले. "परीक्षा तं साधनाबाईची हाय म्हने. तेल कोन्ती परीक्षा देऊन राह्यलं?"

प्रफुल हसला. अडाणी माणसाशी काय वाद घालायचा. तरी त्याने उत्सुकतेपोटी विचारलं, "तुमी कोन्तं टाकलं?"

"मले काय माहीत? दुकानदाराले म्हनलं, हाताशी असन ते दे."

हे उत्तर नमुना म्हणून बाद करण्यात आलं.

परीक्षेचा दिवस उजाडला. साधना नवी साडी नेसली, तिने ओळखपत्र आणि दोन पेनं पिशवीत घातली. दुसरी पिशवी प्रफुलची. तीत तीन डबे. चंद्रपूरला सुनिलच्या ओळखीचा एक मोठा मेकॅनिक होता. साधना पेपर लिहील तोवर त्याचं अंतिम मत घ्यायचं, असं ठरलं होतं. एका फेरीत दोन कामं. तेलाच्या खर्चात पेट्रोलची बचत, असा मुद्दाही त्यामुळे अहवालात घालता येणार होता.

गाडी निघाली. टकटक करत निघाली, पण निघाली. दोन्ही बाजूंना कापूस कमरेएवढा वाढला होता, सिमेंटचे ट्रक ओळीने समोरून येत होते. मागे बसलेली साधना हलक्या आवाजात लसीकरणाचं वेळापत्रक म्हणत होती आणि प्रफुलला फार बरं वाटत होतं. आपण बायकोला परीक्षेला नेतो आहोत, या विचाराने त्याने गाडी जरा दामटली आणि एक एसटी मागे टाकली.

राजुऱ्याच्या अलीकडे टकटक थांबली. प्रफुलला वाटलं, चला, बरं झालं. मग मागचं चाक खर्रकन घासत गाडीही थांबली.

किक जागची हलेना. त्याने कितीतरी महिन्यांनी कांडी काढून पाहिली. आधाररेषा संपली होती.

मागून मघाचीच एसटी आली. साधनाने हात केला. एसटी परीक्षेला निघालेल्या सेविकांनीच गच्च भरलेली होती. ती थांबली नाही, पण आतल्या बायांनी ओळखून प्रेमाने हात हलवले. साधना ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिली. ती रडली नाही. रडली असती तर प्रफुलला सोपं गेलं असतं. ती त्याच्याकडे बघतही नव्हती, आणि त्याला लाज वाटली. नेहमीची, कोणी पाहिलं तर काय म्हणेल अशी लाज ती नव्हती. रस्त्यावर तिसरं कोणीच नव्हतं.

मग मागून एक ओळखीची फटफट ऐकू आली. लटारूभाऊ कपाशीच्या अळीचं औषध आणायला राजुऱ्याला निघाला होता. हॅन्डलवरची हळद अजून पिवळी होती.

"काय झालं बे?"

"इंजन जाम झालं."

"तेल नाई काय?"

"हाय नं. तीन लिटर."

"कुठी?"

प्रफुलने पिशवीकडे बोट दाखवलं. लटारूभाऊने वाकून पिशवीत पाहिलं. हळदकुंकू लावलेले तीन डबे, सील शाबूत. तो बोलका माणूस. कोणत्याही विषयावर त्याचं मत तयार असे. पण त्या वेळी त्याने पिशवीचं तोंड तेवढं नीट बंद केलं.

साधना म्हणाली, "लटारूभाऊ, मले चंद्रपूरले सोडता काय?"

"बसा बाई. औषध उद्या मारू. अळी कुठी पळून जाते?"

ती बसली. आपली पिशवी मांडीवर घेतली, पदर खोचला. गाडी धूर सोडत निघून गेली आणि रस्त्याच्या कडेला प्रफुल उरला, एका बाजूला गाडी आणि दुसऱ्या बाजूला तेल. त्याने पहिल्यांदाच दोन्हींची तुलना केली नाही.

केंद्राचं फाटक ओढून घेत असतानाच लटारूभाऊ तिथे पोचला. शिपाई नाही म्हणू लागला तेव्हा त्याने गाडी सरळ फाटकाच्या फटीत घातली आणि ब्रेक लागत नाहीत असं सांगितलं. साधना आत गेली. पुढे ती पासही झाली. आता ती मुख्यसेविका आहे, दोन डझन अंगणवाड्या बघते, आणि कोणाला रागवायचं झालंच तर पोरांसमोर रागवत नाही.

इंजिन खोलून पुन्हा बांधायला जो खर्च आला त्यात गावातल्या सगळ्या मोटारसायकलींना चारदा सोनेरी तेल घालता आलं असतं. समितीने मात्र खचून न जाता विशेष बैठक घेतली. जुनं तेल नेमकं कोणत्या गावाच्या अलीकडे संपतं हे प्रत्यक्ष चाचणीने सिद्ध झाल्याबद्दल अध्यक्षांच्या अभिनंदनाचा ठराव श्रीहरींनी मांडला. अध्यक्ष बैठकीला आले नाहीत. ते घरी साधनाच्या वाट्या दगडापासून सोडवत बसले होते. एक सुटली.

गाडी दुरुस्त होऊन अंगणात आली त्या संध्याकाळी साधनाने डबे परत जाऊन बसले होते त्या कोनाड्यात हात घातला. वीज गेली होती. हाताला लागला तो डबा तिने उचलला, सील तोडलं आणि गाडीत ओतला. रिकामा डबा तिने समितीच्या हाती लागायला नको म्हणून भंगारवाल्याच्या पोत्यात टाकला. प्रफुल शेजारी उभा होता. त्याच्या ओठांवर प्रश्न आला होता, पण त्याने तो गिळला. माणूस सुधारतो तो असा. टकटक बंद आहे. गाडी उत्तम पळते.

तो डबा कोणत्या रंगाचा होता, हे आम्हाला माहीत आहे.

ज्या वाचकांच्या मनात आत्ता "कोणत्या?" असं आलं, त्यांचं समिती मनापासून स्वागत करते. अध्यक्षपद रिकामं आहेच. अर्जाची गरज नाही, शुल्क नाही, आणि तुमच्या स्वतःच्या गाडीचं तेल शेवटचं कधी बदललं हे इथे कोणीही विचारणार नाही. ज्यांच्या मनात तो प्रश्न आला नाही ते मघाशीच उठून कांडी बघायला गेले आहेत. ही ओळ त्यांनी वाचलेली नाही.